वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वीस वर्षे : गुंतागुंत आणि खर्च यांचे नियोजन कसे करावे

लातूर, परभणी, हिंगोली किंवा बीडकडच्या माणसाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया बहुधा पुण्याला, मुंबईला, हैदराबादला किंवा फार तर छत्रपती संभाजीनगरला होते आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य मात्र आपल्याच गावात जाते. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, बायपास (हृदयाची नव्हे, वजन घटवण्यासाठी जठराची) शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्ही भावंडांनी पैसे जमवले ते ऑपरेशनच्या बिलापुरते. पुढे दर महिन्याला आणि दर वर्षाला काय लागेल याचा हिशेब कोणी मांडलाच नाही. वजन उतरले, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, म्हणून अक्काने दीड वर्षानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्याही बंद केल्या. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, आणि जवळच्या दवाखान्यात तो जुन्या मधुमेहाचा परिणाम समजून कित्येक महिने उपचार चालले. रक्तातले बी-१२ तपासल्यावर खरे कारण कळले. आमच्याकडून जे राहिले ते दुसऱ्या घरात राहू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यातील औषधांचे प्रमाण हे सर्वसाधारण शिफारशींनुसार दिले आहे. तुमच्यासाठीचे प्रमाण तुमचे डॉक्टर रक्त तपासूनच ठरवतील.

पहिली पायरी : कोणती शस्त्रक्रिया झाली याचा कागद हातात असणे

"पोट छोटे केले" एवढ्यावर पुढचे नियोजन होत नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. आतड्याचा मार्ग तसाच राहतो. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो. या तिन्ही प्रकारांत पुढे येणाऱ्या अडचणी वेगवेगळ्या आहेत. स्लीव्हमध्ये आम्लपित्त वर येण्याचा त्रास अधिक दिसतो. बायपासमध्ये जोडाच्या जागी व्रण होणे, आतड्याचा पीळ पडणे आणि पोषणाची कमतरता यांची भीती जास्त असते. मिनी बायपासमध्ये पित्त जठरात येऊ शकते आणि कमतरताही तीव्र होऊ शकते.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागा. त्यात शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार, बायपास असल्यास आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळला ती लांबी, आतड्याच्या पडद्यातल्या फटी शिवून बंद केल्या की नाही, हे सारे यायला हवे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की सातव्या वर्षी पोट दुखू लागल्यावर कागद मागायला गेलात तर तो मिळेलच याची खात्री नाही. ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी याच महिन्यात अर्ज करावा. कागद आल्यावर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरातल्या आणखी दोघांना पाठवा.

दुसरी पायरी : धोक्याची लक्षणे आणि जवळचा दवाखाना आधीच ठरवणे

माझ्या मते सगळ्या नियोजनातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मोठ्या शहरातले सर्जन चांगलेच असतात, पण रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर माणूस प्रथम गावातल्या डॉक्टरांकडेच जातो, आणि त्या डॉक्टरांना आतली रचना बदललेली आहे हे माहीत नसते.

पहिली गोष्ट उलट्यांची. शस्त्रक्रियेनंतर कधीही, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, सतत उलट्या होऊ लागल्या तर शरीरातील थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते, कारण त्याचा साठा फार थोडा असतो. आपल्याकडे उलट्या झाल्या की सलाईन लावण्याची पद्धत आहे आणि ती पुष्कळदा ग्लुकोजची असते. थायमिन संपलेल्या माणसाला आधी ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिन ते पचवण्यात खर्च होते आणि मेंदूला गंभीर, कधी कधी कायमची इजा होऊ शकते. डोळे भिरभिरणे, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे. म्हणून "आधी थायमिनचे इंजेक्शन, मगच ग्लुकोजची सलाईन" हे वाक्य रुग्णाच्या कार्डावर ठळक अक्षरांत असलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट बायपासनंतर अचानक येणाऱ्या पोटाच्या कळेची. वजन उतरल्यावर आतली चरबी कमी होते, आतड्याच्या पडद्यात फट राहिली असेल तर ती रुंदावते आणि तिच्यात आतडे अडकते. हे शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही घडू शकते आणि गरोदरपणात त्याची भीती वाढते. कळ येते, जाते, पुन्हा येते. साध्या एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत काही दिसत नाही, आणि गॅस झाला म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. अशा वेळी सीटी स्कॅन आणि बायपासची माहिती असलेल्या सर्जनचे मत तातडीने हवे. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी कळ थांबत नसेल तर पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीतून आत पाहण्याची वेळ येते. उशीर झाल्यास आतडे काळे पडते.

काळी शी होणे किंवा रक्ताची उलटी होणे हे जोडाजवळच्या व्रणाचे लक्षण असू शकते. हा व्रण होण्यामागे दोन सवयी मोठ्या असतात : तंबाखू आणि अंगदुखीच्या गोळ्या. विडी-सिगारेट तर बंद हवीच, पण आपल्या भागातली तंबाखू-चुन्याची डबी आणि मशेरी याही सोडल्या पाहिजेत. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलेल्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीविना घेऊ नयेत. ताप-दुखण्यावर सहसा पॅरासिटामॉल चालते. गुडघ्याच्या दुखण्यावर गावात दिली जाणारी इंजेक्शनेही याच जातीची असू शकतात, म्हणून टोचून घेण्याआधी नाव विचारा.

आता कार्डाविषयी. एका बाजूला शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन, चालू औषधे. दुसऱ्या बाजूला "अंगदुखीच्या दाहशामक गोळ्या नकोत, आधी थायमिन, नाकातून नळी अंदाजाने घालू नये, पोटाची कळ दुर्लक्षू नये" एवढे लिहून लॅमिनेट करून खिशात ठेवा. मग एक दिवस काढून, दुखणे नसताना, आपल्या फॅमिली डॉक्टरांना ते दाखवा. त्यानंतर दोन तासांच्या अंतरात रात्री सीटी स्कॅन कुठे होतो आणि दुर्बिणीने पोटाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन कुठे आहेत, हे चौकशी करून लिहून ठेवा. खासगी दवाखाना परवडणार नाही तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हा आधार आहे : संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचे शंकरराव चव्हाण, लातूरचे विलासराव देशमुख. १०८ ची रुग्णवाहिका कोणत्या रुग्णालयात नेते हेही आधी विचारून घ्यावे.

तिसरी पायरी : गोळ्यांचे आणि तपासण्यांचे वेळापत्रक

बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल आणि जठरातच तयार होणारा एक घटक लागतो. स्लीव्हमध्ये तो भाग कापला जातो, बायपासमध्ये वगळला जातो. यकृतातला साठा मात्र बरीच वर्षे पुरतो, आणि फसगत इथेच होते : गोळी सोडल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून ती अनावश्यक होती असे वाटते. आपल्या भागात माळकरी, शाकाहारी घरे पुष्कळ आहेत आणि शाकाहारात बी-१२ मुळातच कमी असते. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते आणखी घटते. अशा माणसाने शस्त्रक्रियेआधीच पातळी तपासून घ्यावी.

सर्वसाधारण शिफारशी अशा : बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही, ड जीवनसत्त्व सुरुवातीला रोज ३००० युनिट आणि पुढे रक्तातील पातळीनुसार, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना लोह रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. याशिवाय थायमिन, फॉलिक ॲसिड, झिंक व तांबे असलेली बहुजीवनसत्त्वाची गोळी. कॅल्शियम घेताना ते सायट्रेट स्वरूपातले मागा. मेडिकलमध्ये सहज पुढे केले जाते ते कार्बोनेट, आणि त्याला शोषण्यासाठी जठरातील आम्ल लागते. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण ते एकमेकांना अडवतात. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्यानंतर दरवर्षी, आयुष्यभर. तीत हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन, बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी यायला हव्यात. फक्त हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका, कारण लोहाचा साठा आटल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते. मधुमेह शांत झाला असला तरी तो काही वर्षांनी परत येऊ शकतो, म्हणून एचबीए१सी वगळू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी साधारण दोन वर्षांनी करतात. स्लीव्ह झालेल्यांनी जळजळ नसली तरी अन्ननलिकेची दुर्बीण तपासणी कधी करायची हे सर्जनला विचारून ती तारीख वेळापत्रकात लिहावी.

पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ते टाळण्यासाठी अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सहा महिने देण्याची पद्धत आहे. त्या लिहून दिल्या नसतील तर का नाही, हे विचारा.

चौथी पायरी : ताट, पाणी आणि उपवास

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. डब्यातल्या महाग पावडरीशिवाय हे होतच नाही असा समज आहे आणि तो खरा नाही. दोन अंडी म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या म्हणजे सुमारे २६ ग्रॅम, पाव लिटर दूध ८ ग्रॅम, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण साडेसहा ग्रॅम, वर थोडे दही किंवा पनीर. बेरीज साठच्या आसपास जाते. ज्या लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर पोत्यांनी येते तिथल्या माणसाला हे अवघड नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र एवढे अन्न पोटात मावत नाही, त्या काळापुरती पावडर लागू शकते. जेवताना आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भाकरी, असा क्रम ठेवावा.

बायपासनंतर उसाचा रस, जिलेबी, गुळाचा चहा यांनी अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा येऊ शकतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येण्याचा असतो आणि त्यात भोवळ येते. असे वारंवार होत असेल तर ते सर्जनला कळवावे, गोड खाऊन भागवू नये.

पाण्याकडे आपल्याला अधिक लक्ष द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, आणि छोट्या पोटात एका दमात तांब्याभर पाणी जात नाही. दिवसभर घोटघोट प्यावे, जेवणाबरोबर पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावे. बायपासनंतर लघवीतून ऑक्झलेट जास्त जाते, त्यामुळे मूतखडे होतात. पाणी कमी आणि पालक-चुका भरपूर असे झाले तर त्यांना निमंत्रणच. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे यांविषयी सर्जनशी मोकळेपणाने बोला. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने जवळजवळ नसतात, आणि निर्जळी उपवास पहिल्या वर्षी तरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अक्काने एकादशी सोडली नाही. ती दूध, दही आणि शेंगदाण्यावर करते.

पाचवी पायरी : खर्चाचा हिशेब तीन वह्यांत

पहिल्या वहीत महिन्याचा खर्च : गोळ्या, बी-१२ चे इंजेक्शन, वाढीव प्रथिने. दुसऱ्या वहीत वर्षाचा खर्च : रक्ततपासणी, डॉक्टरांची फी, दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या तपासण्यांचा वर्षाला येणारा वाटा, विम्याचा हप्ता, प्रवास आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. तिसऱ्या वहीत अवचित येणारा खर्च : पित्ताशयाची शस्त्रक्रिया, आतड्याचा पीळ, व्रणासाठी दाखल होणे, शिरेतून लोह देणे, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया.

महागाई धरल्याशिवाय हा हिशेब खोटा ठरतो. समजा, आज गोळ्यांचा खर्च महिन्याला ₹१,००० आहे. तो तसाच राहिला तर वीस वर्षांत ₹२.४० लाख होतील. दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला तर एकूण रक्कम सुमारे ₹५.४९ लाख होते आणि विसाव्या वर्षी महिन्याचाच खर्च ₹४,३०० च्या पुढे जातो. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना तो बिलाच्या शेजारी मांडलेला असावा.

तिसऱ्या वहीसाठी सोपी रीत आहे. आपण ठरवलेल्या जवळच्या रुग्णालयात पित्ताशयाच्या आणि आतडे अडकल्याच्या शस्त्रक्रियेचा आजचा अंदाजे खर्च विचारा आणि त्यांतली मोठी रक्कम दोन-तीन वर्षांत बाजूला पडेल असा हप्ता ठरवा. पूर्वी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर जो पैसा जात होता तो वाचू लागला की थेट याच खात्यात वळवावा. पैसे पोस्टात किंवा बँकेत ठेवावेत. बँकेतील ठेवींना ₹५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थांतील ठेवींना ते नसते. जास्त व्याजाच्या मोहाने आपल्या भागात किती कुटुंबांची उपचाराची पुंजी अडकली हे सर्वांना ठाऊक आहे.

शेतकरी घरात पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. म्हणून वार्षिक तपासणी आणि विम्याचा हप्ता सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवाळीच्या सुमारास धरावा, आणि वर्षभराच्या गोळ्यांचा दुसरा भाग तुरीच्या पैशांवर. जनऔषधी केंद्रात अनेक घटक पुष्कळ स्वस्त मिळतात. यादी घेऊन जा, घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. रक्त गावाकडेच तपासून अहवाल फोनवर पाठवता येतो. सर्जन फोनवरून पाहतील का, हे शस्त्रक्रियेआधीच पक्के करा.

सहावी पायरी : विमा

विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार ही शस्त्रक्रिया विम्यात तेव्हाच बसते, जेव्हा ती डॉक्टरांच्या सल्ल्याने होते, वय १८ किंवा अधिक असते आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, किमान ४० असतो, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा नियंत्रणात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असतो आणि कमी त्रासाचे उपाय अपयशी ठरलेले असतात. आजच्या वैद्यकीय शिफारशी, विशेषतः आशियाई लोकांसाठीच्या, यापेक्षा कमी बीएमआयलाही शस्त्रक्रिया सुचवतात. डॉक्टरांनी योग्य म्हटले म्हणजे विमा कंपनी पैसे देईलच असे नाही. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

चिठ्ठीविना मिळणारी जीवनसत्त्वे आणि पूरक आहार विम्यातून वगळलेले असतात, दाखल असताना उपचाराचा भाग म्हणून दिले तरच मिळतात. सैल त्वचा काढणे सौंदर्योपचार समजून नाकारले जाऊ शकते. शस्त्रक्रिया झाल्यावर नवी पॉलिसी घेताना ती लपवू नका. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पण लपवलेली गोष्ट ऐन वेळी दावा बुडवते. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ₹५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यातले कोणते रुग्णालय त्यात आहे हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडून, लिहून घ्या.

सातवी पायरी : बाकीचे, पण न टाळता येणारे

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दुसरे साधन विचारावे. पुढे दिवस राहिल्यावर गरोदरपणात साखर तपासण्यासाठी ग्लुकोजचे पाणी पाजतात, ते या स्त्रियांना त्रासदायक ठरते. घरच्या यंत्रावर आठवडाभर साखर मोजणे हा पर्याय आहे, त्याची डॉक्टरांना आठवण करून द्यावी. सून नवी असेल तर सासरच्यांपासून शस्त्रक्रिया लपवण्याचा आग्रह माहेरच्यांनी धरू नये. बाळंतपणात हे लपवणे जिवावर येऊ शकते.

बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि व्यसन लागण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो. खाण्यात मिळणारा विरंगुळा गेल्यावर काहींना उदासी घेरते. मनाच्या आजारांवर फोनवरून सल्ला देणारी मोफत टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. काही वर्षांनी थोडे वजन परत चढणे पुष्कळांना होते. त्याची लाज बाळगून तपासणीलाच जाणे बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांची रक्ततपासणीही तिथेच थांबते. सर्जनसमोर जाण्यात संकोच वाटत असेल तर निदान रक्त तपासून अहवाल फॅमिली डॉक्टरांना दाखवावा.

फाईल घरात कुठे आहे हे रुग्णाखेरीज आणखी एकाला माहीत असावे. आमच्याकडे ती देवघराशेजारच्या कपाटात असते, वरच्या पानावर पुढच्या तपासणीची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते, आणि दिवाळी झाली की अक्काचा धाकटा मुलगा ती तारीख खोडून नवी लिहितो.